उभ्या-उभ्या

"काहीतरी द्या."

मेडिकलच्या काउंटरमागे २७ वर्षं काढली, त्यात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हे. बाई आली की सांगते. तीन दिवस झाले, उजव्याच बाजूला दुखतंय, काल अंगात कणकण होती, पोरीची परीक्षा म्हणून जागरण झालं, आणि हो, मागच्या वेळी तुम्ही दिलेल्या त्या पिवळ्या गोळीनं मळमळलं होतं, ती नको. तिला मध्येच थांबवावं लागतं. पुरुष येतो तो मोटारसायकल चालू ठेवून. एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर. नजर माझ्या मागच्या कपाटावर.

"काहीतरी द्या जरा."

"कशावर?"

"पोटावर."

"जळजळतंय की दुखतंय?"

"तसंच काहीतरी."

मी डी. फार्म. झालेला माणूस. कोरेगावात, एसटी स्टँडपासून चालत दोन मिनिटांवर दुकान. बाजाराला आलेली म्हातारी माणसं मला 'डॉक्टर' म्हणतात. सुरुवातीला मी त्यांची चूक दुरुस्त करायचो, पुढे सोडून दिलं. ऐकायला बरं वाटतं, हे त्यामागचं खरं कारण.

पुरुष स्वतःच्या तब्येतीकडे लक्ष देत नाहीत, असं जिकडेतिकडे वाचतो. दर नोव्हेंबरात, पुरुष दिनाच्या आसपास, व्हॉट्सअ‍ॅपवर तो मजकूर फिरत येतोच: गाडीचं सर्व्हिसिंग वेळेवर करता, मग शरीराचं का नाही? मला हे पटत नाही. (आणि गाडीचं तरी कोण वेळेवर करतंय? चेन करकरायला लागल्याशिवाय आमच्याकडे गाडी गॅरेजचं तोंड बघत नाही.) लक्ष देत नसते तर माझं दुकान चाललं असतं का? अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या, कंबरेच्या गोळ्या, बाम, स्प्रे, ताकदीच्या कॅप्सूल, झोपेसाठी 'साधंसं काहीतरी', हे सगळं जास्त करून पुरुषच नेतात. औषधाला त्यांची ना नाही. ना आहे ती पेशंट व्हायला.

दवाखान्यात गेलं की आधी केसपेपर निघतो. नाव सांगा, वय सांगा. मग बाकावर बसा. शेजारी कोणीतरी ओळखीचं निघतंच, "काय, इकडे कुठं?" म्हणून विचारतं. मग आत जा, आडवे व्हा, शर्ट वर करा, जीभ दाखवा. घरात आणि शेतात ज्याचा शब्द चालतो, तो माणूस तिथं पाठीवर पडून छताचा पंखा बघत असतो. काउंटरवर यातलं काही नाही. नाव नाही, वय नाही, कुणी हात लावत नाही. पैसे दिले, गोळ्या खिशात, गिअर टाकला, गेला. उभ्या-उभ्या काम होतं.

बीपीचंच घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या पुरुषांमध्ये २४ टक्के जणांचं बीपी वाढलेलं किंवा ते औषधावर असलेले निघाले. बायकांमध्ये २१ टक्के. म्हणजे दुखणं दोघांनाही. माझ्या वहीत मात्र महिन्याच्या महिन्याला नेमानं गोळी जाते ती बायकांचीच. ती न्यायला बऱ्याचदा नवरा येतो, न चुकता येतो, हेही कबूल केलं पाहिजे. त्याची स्वतःची गोळी तिसऱ्या महिन्यात बंद झालेली असते. विचारलं तर म्हणतो, "मोजलं की. एकशे तीस-ऐंशी आलं. नॉर्मल." अहो, गोळी चालू होती म्हणून नॉर्मल आलं! अंगावर पाऊस पडत नाही म्हणून भर पावसात छत्री मिटण्यातला हा प्रकार. पण मी हे काउंटरच्या आतून बोलतो आणि तोवर गाडी निघालेली असते.

दुपारी दुकान रिकामं असतं तेव्हा येणारे वेगळे. ते आधी एक पाकीट कापूस घेतात, मग एक साबण, आणि मग आवाज खाली आणतात. त्याहून लाजरे रात्री अकरानंतर फोनवर फोटो पाठवतात. जांघेतलं गजकर्ण, नको तिथला फोड. खाली एवढंच: 'भाऊ काय असेल'. मी 'डॉक्टरांना दाखवा' असं लिहीपर्यंत वर 'हा मेसेज डिलीट केला' आलेलं असतं. लग्नाला चार वर्षं होऊन मूल नाही म्हणून बायकोचं रक्त, सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे सगळं होऊन जातं, तेव्हा कुठं नवऱ्याची ती एक साधी तपासणी निघते. तो येऊन म्हणतो, "लघवीची डबी द्या." हातातल्या चिठ्ठीवर दुसरंच लिहिलेलं असतं. मी काही बोलत नाही. डबी तीच असते.

र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं, तेव्हा वाचक त्यांना पत्रातून असलेच प्रश्न विचारायचे. उत्तरं छापली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला. त्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरी निकाल विरुद्ध गेला. तो पत्र लिहिणारा माणूस आणि हा रात्री अकराला फोटो टाकणारा, मला एकाच घरातले वाटतात. मध्ये नव्वद वर्षं गेली, एवढंच.

नसबंदीचा विषय काढला की तर काउंटर रिकामाच होतो. त्याच सर्वेक्षणात शंभरातल्या ३८ विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं. पुरुष नसबंदी ०.३ टक्के. पुरुषाचं ऑपरेशन खरं तर लहान, पोट उघडावं लागत नाही, त्याच दिवशी घरी. "पण मग उसाची मोळी उचलत नाही," असं मला एकानं सांगितलं. दोघांपैकी मोळी उचलायला आली होती ती त्याची बायको, टाके पडलेली. आणीबाणीचा धसका म्हणाल तर तो खोटा नव्हता. १९७६ साली आपल्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते वाचलं. पण ती भीती बापाची. लेकाला ती वारशात मिळाली, शेताच्या तुकड्यासारखी.

आता तो इनोवाला. हे मी आजवर लिहिलेलं नाही.

जानेवारीतली सकाळ. पावणेआठ. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या, माझं शटर अर्धंच वर. नेहमीचे एक गृहस्थ, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली, वाकून आत बघत म्हणाले, "इनो द्या हो एक. आणि पाणी असेल तर." मी पेला दिला. त्यांनी पुडी फाडली, पाणी फसफसलं, एका दमात प्यायले. "रात्री वांग्याचं भरीत अंमळ जास्त झालं. इथं भरून आल्यासारखं झालंय," असं म्हणत त्यांनी पालथी मूठ छातीच्या मधोमध घासली. मग ढेकर आला. "बघा, निघाला गॅस," म्हणाले. हसलेसुद्धा. मी सुटे पैसे परत दिले. जाताना त्यांची पाठ दिसली. शर्ट पाठीला चिकटला होता. फिरायला जाऊन आले असतील, असं मला वाटलं.

घाम होता तो. जानेवारीत, कोरेगावात, सकाळी पावणेआठला.

अकराच्या सुमारास बातमी आली.

पुढे एका हृदयरोगतज्ज्ञांना मी हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले की ढेकरानं बरं वाटलं याला काही अर्थ नसतो. जबड्यापासून बेंबीपर्यंत कुठंही भरून आलं आणि सोबत घाम असला, तर आधी ईसीजी, मग गॅस. ईसीजीला पाच मिनिटं लागतात, आणि तो काढणारा दवाखाना माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर आहे. मी त्यांना "बसा" म्हणालो नाही. बसायला काही ठेवलेलंच नव्हतं. दुकानदाराला बसलेलं गिऱ्हाईक परवडत नाही, हा माझ्या वडिलांनी घालून दिलेला नियम.

तेरावं झाल्यावर त्यांची पत्नी आली. "यांच्या नावावर वहीत काही राहिलंय का?" मी पानं उलटल्यासारखं केलं आणि नाही म्हणालो. राहिलेलं काही नव्हतंच. इनोचे पैसे त्यांनी रोख दिले होते.

वडिलांचा विषय निघालाच आहे, तर अण्णांना अंतर्गळ होता. हर्निया. किती वर्षं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. लंगोट घट्ट बांधायचे, त्याच्या आत जुन्या धोतराची घडी. पोतं उचलण्याआधी एक हात नकळत खाली जायचा. आम्हाला ती त्यांची लकब वाटायची. आई एकदा म्हणाली, "दाखवून या तरी," तर उत्तर ठरलेलं, "मला काय धाड भरलीय?" एका रात्री आतडं अडकलं. उलट्या सुरू झाल्या, पोट फुगलं, आणि सातारला नेताना जीपमध्ये ते मला, सख्ख्या मुलाला, काय सांगत होते? की धोतर नीट कर. ऑपरेशन झालं, वाचले. सर्जननी विचारलं, इतकी वर्षं का थांबलात? अण्णांनी भिंतीकडे तोंड केलं. मग माझ्या कानाशी म्हणाले, "तिथं कोण दाखवणार लेका."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा हट्ट नव्हता, लाज होती. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला निघाल्या त्यामागचं एक कारण हेच, की बायका आपलं दुखणं पुरुष डॉक्टरला सांगायला लाजतात आणि अंगावर काढतात. बाईची लाज निदान दिसत होती, तिच्यासाठी कोणी समुद्र ओलांडला. पुरुषाला लाज असते हे गृहीतच कुणी धरलेलं नाही. सरकारनंही नाही. २०२२ साली बायकांच्या तपासणीची मोहीम निघाली, नाव 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित'. पुढच्या वर्षी अठरा वर्षांवरच्या पुरुषांसाठी निघाली, तिचं नाव 'निरोगी आरोग्य तरुणाईचे, वैभव महाराष्ट्राचे'. काम चांगलं होतं, पण नाव बघा! साठीतला माणूस त्या फलकाखाली उभा राहून कुणाचं वैभव दाखवणार?

इतकं सगळं कळलेला मी. आता माझं ऐका.

पन्नाशीनंतर रात्री एकदा उठायला लागलो, मग दोनदा. धार बारीक झाली. उभं राहून वाट बघायची, सुरू होतंय असं वाटायचं आणि थांबायचं. हे काय आहे ते मला पक्कं माहीत होतं. प्रोस्टेट. वय वाढलं की ती ग्रंथी बहुतेक पुरुषांमध्ये वाढते, आणि मूत्रमार्ग तिच्या मधून जात असल्यानं तो आवळला जातो. त्यावरची गोळीही मला माहीत होती, टॅमसुलोसिन, रात्री जेवणानंतर एक. डाव्या हाताच्या कपाटात, तिसऱ्या फळीवर. मी माझ्याच दुकानात, माझ्याच काउंटरवर, उभ्या-उभ्या एक स्ट्रिप काढली आणि खिशात टाकली. चिठ्ठी मागायला समोर कोणी नव्हतं. असं दीड वर्ष.

गेल्या पावसाळ्यात सर्दी झाली. नाक चोंदलं, डोळ्यांतून पाणी. मी सर्दीची नेहमीची गोळी घेतली. सकाळी एक, संध्याकाळी एक, रात्री आणखी एक. तिच्यात नाक मोकळं करायला जे फेनिलेफ्रिन असतं, ते मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळतं. सोबतचं क्लोरफेनिरामिन मूत्राशयाचा जोर कमी करतं. प्रोस्टेटवाल्यांनी जपून घ्यावी, हे मी कितीतरी म्हाताऱ्यांना सांगितलंय, "आजोबा, ही नको, वाफ घ्या" असं म्हणून. टॅमसुलोसिननं दार सैल करायचं आणि सर्दीच्या गोळीनं तेच दार आतून कडी लावून बंद करायचं, असं मी स्वतःवर केलं. कारण माझ्या डोक्यात मी 'प्रोस्टेटवाला' नव्हतोच. माझा केसपेपर कुठं होता?

रात्री दीडला जाग आली ती कळ येऊन. गेलो. काही नाही. नळ सोडला, काही नाही. गरम पाणी घेतलं, फेऱ्या मारल्या, देवाचं नाव घेतलं. ओटीपोट दगडासारखं. अडीचला मला उभं राहता येईना आणि बसताही येईना, तेव्हा बायकोला म्हणालो, "अगं, जरा गॅस झालाय वाटतं." खरंच, हेच म्हणालो.

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मुलाला उठवलं.

दवाखान्यातल्या ब्रदरनं पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "घरचंच मेडिकल आहे ना? फोलीज सोळा नंबर, युरोबॅग आणि जेली, तेवढं आणा." रात्री तीनला माझ्या मुलानं आमचंच शटर उघडून ते आणलं. ही नळी मी शेकड्यानं विकली असेल. ती कुठून कुठं जाते याचा विचार नफ्याच्या टक्केवारीपलीकडे कधी केला नव्हता. नळी आत गेली आणि पिशवी भरायला लागली. साडेनऊशे मिली. ब्रदर आकडा मोठ्यानं म्हणाला. मी छताकडे बघत होतो. पंखा बंद होता. आयुष्यात इतकं सुख मला फार थोड्या वेळा मिळालंय आणि त्या क्षणी माझ्या अंगावर नीट कपडेसुद्धा नव्हते.

सकाळी युरॉलॉजिस्ट आले. "किती दिवसांपासून त्रास?" मी म्हणालो, "विशेष नाही, अधूनमधून..."

"रात्री चारदा उठतात," बायको म्हणाली. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. "आधी दोनदा उठायचे. मागच्या दिवाळीपासून चारदा. आत गेले की आधी नळ सोडतात, म्हणजे मला वाटावं हात धुतायत. दहा-दहा मिनिटं लागतात. लग्नकार्याला गेलो तर पाणीच पीत नाहीत. आणि प्रवासात एसटीनं जायचं सोडलंय, गाडी भाड्यानं करतात, मध्ये थांबता यावं म्हणून."

एसटीचं तर माझ्याही लक्षात आलं नव्हतं. पाठ दुखते म्हणून सोडली, असं मी स्वतःला सांगत होतो.

डॉक्टर माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघून लिहून घेत होते. दवाखान्यात हे चित्र मी कितीदा पाहिलंय. नवरा स्टुलावर गप्प, बायको लक्षणं सांगतेय, आणि तो मध्येच "एवढं काही नाही हो" म्हणतोय. त्याच्या शरीराची वही ती ठेवते. मग ज्यांची बायको गेलीय, किंवा ज्यांनी लग्नच केलं नाही, त्यांची वही कोण ठेवत असेल?

नंतर तिला विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. दुकान तुमचं."

पुढचं सगळं रीतसर झालं. सोनोग्राफीत ग्रंथी मोठी निघाली. "सुपारीएवढी असायला हवी, तुमची लिंबाएवढी झालीय," असं डॉक्टर म्हणाले. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका बघायची रक्ततपासणी, तेव्हा लगेच केली नाही. लघवी अडकली की तो आकडा उगाच वाढलेला येतो, म्हणून सहा आठवडे थांबायला लावलं. त्या सहा आठवड्यांत मी काय काय विचार केले ते लिहीत नाही. रिपोर्ट चांगला आला. मग दुर्बिणीनं ऑपरेशन. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "आता काही दिवस बसून करत जा." मी हो म्हणालो, आणि गाडीत बसल्यावर बराच वेळ मला त्याचंच हसू येत होतं.

महिन्याभरानं दुकानात परतलो. पहिल्याच दिवशी काउंटरच्या बाहेर एक निळं प्लॅस्टिकचं स्टूल आणून ठेवलं. मुलगा म्हणाला, गर्दी होईल. झाली. बायका बसतात. म्हाताऱ्या तर एसटी येईपर्यंत बसतात आणि सुनांबद्दल बोलतात. पुरुष त्यावर पिशवी ठेवतात, हेल्मेट ठेवतात, एकानं दुधाची किटली ठेवली होती.

परवा संध्याकाळी एक जण आला. चाळिशीचा, ओळखीतला. गाडी चालूच.

"काहीतरी द्या हो."

"बसा."

"नको, गाडी चालू आहे."

मी काउंटरची फळी वर करून बाहेर गेलो, त्याच्या गाडीची किल्ली फिरवली आणि बंद केली. तो बघतच राहिला. मग स्टुलावरचं हेल्मेट उचलून मांडीवर घेतलं आणि टेकला, अर्धाच.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

त्यानं आधी मागे वळून रस्त्याकडे बघितलं.